जळालेल्या मोटरींचं पुस्तक

प्रश्न : तलासरीजवळ माझं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूवाड्यांतल्या पंपांच्या मोटरी दुरुस्तीला येतात. या कामावर मराठीत पुस्तक लिहावं असं फार दिवस मनात आहे. पण दुकान बंद ठेवून लिहायला बसणं परवडत नाही आणि माझ्याकडे पदवीही नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर : दुकान मुळीच बंद ठेवू नका. पुस्तक लिहायचं म्हणजे हातातलं काम सोडून निवांत बसायला हवं, अशी पुष्कळांची समजूत असते. तुमच्या पुस्तकाचा कच्चा माल मात्र रोज टेम्पोतून दुकानाच्या दारात उतरतो. दुकान बंद झालं की तो येणंही थांबेल.

दुसरी समजूत अशी, की पहिलं प्रकरण आधी लिहायचं आणि त्यात विजेच्या शोधाचा इतिहास सांगायचा. कितीतरी हौशी लेखकांच्या वह्या तिथेच मिटतात. वाडीवाल्याला इतिहास नको असतो. त्याची मोटर नुसती गुणगुणते आहे, फिरत नाही, आणि पाणी तर आजच द्यायचं आहे. त्याच्या तक्रारीपासून सुरू करा.

एक पान कसं तयार होतं ते पाहू. थ्री फेज मोटर तुम्ही उघडलीत. तिन्ही फेजचं वाइंडिंग सारखंच काळवंडलं असेल, तर बहुधा मोटरीवर जादा भार येत होता. पण दोन फेजचं जळालं आणि तिसऱ्याचं कोरं राहिलं असेल तर? स्टार जोडणीच्या मोटरीत याचा अर्थ असा, की एक फेज गेला होता आणि उरलेल्या दोघांनी सगळा भार ओढला. डेल्टा जोडणीत चित्र उलटं दिसतं, एकाच फेजचं जळतं आणि दोन शाबूत राहतात. आता फ्यूज आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट न तपासता मोटर नुसती भरून दिली, तर ती पुन्हा जळून येणार. तुम्हाला हे एका नजरेत कळतं. ज्याचे पैसे दुसऱ्यांदा जातात त्याला कळत नाही. एक फोटो, त्याखाली कारण, त्याखाली उपाय, एवढं झालं की पान तयार.

म्हणून काउंटरवर एक वही ठेवा. मोटर किती एचपीची, तक्रार काय होती, उघडल्यावर काय दिसलं, कारण काय निघालं, ती परत आली का, एवढंच त्यात लिहा. काही महिन्यांनी सारख्या नोंदी एकत्र केल्या की प्रकरणं आपोआप पडतील. मग आठवड्यातली एक ठरलेली सकाळ, दुकान उघडण्याआधीची, सलग लिहायला पुरते.

पदवीची काळजी सोडा, अशा पुस्तकाला आधार रोजच्या कामाचा असतो. तुमच्याच भागात, बोर्डीला, 1945 मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावच्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं; पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. बालवाडी कशी चालवावी हे सांगणारं अनुताईंचं लेखन या रोजच्या कामातून आलं, म्हणूनच ते इतरांच्या उपयोगी पडलं. अशी पुस्तकं मला फार मोलाची वाटतात, आणि मराठीत ती कमी आहेत.

हक्कांचं थोडक्यात सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा हक्क साधारणपणे मालकाकडे जातो. तुम्ही स्वतंत्र आहात, त्यामुळे तो तुमचाच, आणि त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कंपनीच्या पुस्तिकेतल्या आकृत्या मात्र उचलू नका, स्वतः काढा. गिऱ्हाइकाचं नावही छापू नका.

प्रकाशक एवढ्यात शोधू नका. आधी अनुक्रमणिका आणि दोन पुरी प्रकरणं तयार करा. ती एका वाडीवाल्याला आणि आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एखाद्या मुलाला वाचायला द्या. जिथे ते अडतील तिथे आकृती घाला. स्वतःच छापायचं ठरवलंत, तर आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो, लेखकालाही. छपाईचा हिशेब सहसा 16 पानांच्या फर्म्यावर होतो. सहा फर्मे म्हणजे 96 पानं, आणि पहिल्या पुस्तकाला तेवढी भरपूर झाली.