घराचें कर्ज आणि अमेरिकेंतील मतपेटी

अमेरिका म्हणजे सुबत्तेचें माहेरघर, अशी आमच्या विद्यार्थ्यांची समजूत असते. म्हणून तेथील निवडणुकींत घरभाडें व कर्जाचा हप्ता हे प्रश्न अग्रभागीं असतात, असें सांगितलें म्हणजे त्यांस नवल वाटतें. परंतु त्या देशाचा इतिहास आम्ही जसजसा वाचीत गेलों, तसतसें आम्हांस दिसून आलें कीं, तेथील मतदार राज्यकर्त्याची परीक्षा पुष्कळदां आपल्या उंबरठ्यावर उभा राहूनच करतो.

१९२९ सालीं शेअरबाजार कोसळला, त्यापूर्वीं तेथें घरासाठीं मिळणारें कर्ज बहुधा तीन ते पांच वर्षांच्या मुदतीचें असे. मुदतभर मुख्यतः व्याज भरावयाचें व मुदत संपली कीं कर्ज नव्यानें लिहून घ्यावयाचें, अशी वहिवाट होती. पुढें बँकाच बुडूं लागल्या. मग नवें कर्ज देणार कोण? व्याजाचा एकही हप्ता न चुकविलेल्या कुटुंबांचीं घरेंही लिलावांत गेलीं. शहरांच्या कडेला पत्रे, फळ्या व खोकीं यांच्या झोपड्या उभ्या राहिल्या, आणि अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांच्या नांवावरून त्या वस्त्यांस ‘हूव्हरव्हिल’ हें नांव पडलें. वस्तीच्या नांवांतच आरोपपत्र! हूव्हर यांनीं जुलै १९३२ मध्यें गृहकर्जाच्या बँकांविषयीं कायदा केला खरा, पण त्यास फार उशीर झाला होता. नोव्हेंबरांत रूझवेल्ट यांस ४७२ व हूव्हर यांस अवघीं ५९ निर्वाचक मतें पडलीं. १९३३ सालीं स्थापन झालेल्या सरकारी मंडळानें सुमारें १० लक्ष घरांचीं कर्जें आपल्याकडे घेऊन त्यांची फेड पंधरा वर्षांवर पसरली. मात्र त्याच मंडळाच्या नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगानें धोक्याच्या म्हणून दाखविल्या होत्या, हेंही विसरतां येत नाहीं.

२००८ सालीं पुन्हां घरांच्या कर्जांनींच बँका बुडविल्या. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळली, आणि त्याच दिवशीं उमेदवार मॅकेन यांनीं अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम असल्याचें सांगितलें! ओबामा ३६५ विरुद्ध १७३ मतांनीं निवडून आले.

येथें एक विसंगति लक्षांत घेण्याजोगी आहे. दोष येतो अध्यक्षावर. परंतु कोणत्या जमिनीवर कसलें घर बांधावें, हें बहुधा गांवची वा शहराची सभा ठरविते. पुष्कळ भागांत एका कुटुंबापुरतेंच स्वतंत्र घर बांधण्याचा नियम आहे. आधींच घर असलेला गृहस्थ त्या सभेस जातो, शेजारीं चाळीसारखी मोठी इमारत नको म्हणतो व मतही देतो. त्या इमारतींत जो राहावयास आला असता, त्यास तेथें मतच नसतें.

जून २०२२ मध्यें महागाईचें वार्षिक प्रमाण शेंकडा ९.१ वर गेलें, व ऑक्टोबर २०२३ मध्यें तीस वर्षांच्या गृहकर्जाचें व्याज शेंकडा ८ च्या जवळ पोहोंचलें. २०२४ च्या निवडणुकींत कमला हॅरिस यांनीं पहिलें घर घेणाऱ्यांस २५,००० डॉलरपर्यंत साहाय्य देऊं केलें. तरी, इतर कारणांसह, महागाईचा राग सत्ताधारी पक्षास भोंवला आणि ट्रंप ३१२ विरुद्ध २२६ मतांनीं विजयी झाले. पुढील वर्षींच न्यूयॉर्क शहरानें अगदीं निराळ्या मताचा मनुष्य महापौर निवडला. चित्रपट-दिग्दर्शिका मीरा नायर यांचे हे पुत्र, झोहरान ममदानी. भाडेनियंत्रणाखालील सुमारें १० लक्ष घरांचें भाडें वाढूं देणार नाहीं, हें त्यांचें मुख्य वचन होतें. तें भाडें ठरविणाऱ्या मंडळाचे नऊही सभासद महापौरच नेमतो. म्हणजे येथें तरी मतदारानें ज्याच्याकडे दाद मागितली, त्याच्याच हातीं थोडीबहुत किल्ली होती.