माठ का पाझरतो? (इयत्ता पाचवीसाठी उन्हाळ्यातील एक पाठ)



मार्च महिना लागला की वर्गावर्गांतून एकच तक्रार ऐकू येते : "गुरुजी, लई उकडतंय." परांड्यापासून उमरग्यापर्यंत एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जाणे हे आपल्याकडे नवल नव्हे. म्हणूनच ही तक्रार आपण पुष्कळदा आळसाची सबब समजतो. मीही एके काळी तसेच केले. शिक्षक होऊन दुसरेच वर्ष होते. कवायतीच्या तासाला एक मुलगा म्हणाला, "डोकं गरगरतंय." मी त्याला दरडावून रांगेत उभे केले. थोड्याच वेळात तो कोसळला. सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडल्यावर तो सावध झाला. परंतु त्याच्या शरीराने दिलेली सूचना मला वाचता आली नाही, ही उणीव माझी होती. ती आपणांपैकी कोणाची राहू नये, म्हणून हा पाठ.

उद्दिष्ट : शरीर स्वतःला थंड कसे ठेवते हे मुलांना प्रयोगाने समजावे व उन्हाच्या त्रासाची लक्षणे त्यांना ओळखता यावीत.

साहित्य : सारख्या आकाराची दोन मातीची मडकी, प्लॅस्टिकची मोठी पिशवी, दोरी, तापमापक.

प्रस्तावना : आपल्या जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. गोरोबाकाका कोणता व्यवसाय करीत? मडक्यातील पाणी गार का होते? कळशीतील का होत नाही? मुलांना उत्तरे देऊ द्यावीत. चुकीची उत्तरेही फळ्यावर लिहावीत.

प्रयोग : दोन्ही मडकी एकाच हौदाच्या पाण्याने भरून सावलीत, वाऱ्याच्या जागी ठेवावीत. एकाला पिशवी घट्ट गुंडाळून दोरीने बांधावी. शाळा भरताना व सुटताना दोन्हींतील पाण्याचे तापमान मुलांकडूनच नोंदवून घ्यावे. उघड्या मडक्यातील पाणी अधिक गार झालेले आढळेल.

विवेचन : मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते मडक्यातील उष्णता घेऊन जाते. आपली कातडीही असेच करते. शरीराचे आतील तापमान सुमारे ३७ अंश राहावे लागते. ते वाढू लागले की घाम सुटतो व वाळताना उष्णता नेतो. घाम नुसता ओघळून उपयोग नाही. तो वाळला पाहिजे. हवा दमट असेल, तर तो वाळत नाही. मग आपली गत पिशवी बांधलेल्या मडक्यासारखी होते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभात उष्माघाताने १४ माणसे दगावली. समुद्राकाठच्या हवेत, पारा आपल्याकडील मे महिन्याइतका चढलेला नसतानाही हे घडले, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडील कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो; पण त्यामुळेच शरीरातील पाणी किती गेले, हे कळत नाही.

घरांचाही विचार व्हावा. उमरगा-लोहारा भागातील जुनी माळवदाची घरे जाड मातीमुळे थंड असत; परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तोच भार माणसांच्या जिवावर उठला. पुढे स्लॅबची व पत्र्याची घरे आली. ती दुपारी तापतात. छतावर चुन्याचा पांढरा हात दिल्यास ऊन परावर्तित होऊन खोलीतील उष्मा कमी होतो.

शिक्षकांनी पाळावयाच्या गोष्टी :
१. नव्या उन्हाची सवय होण्यास शरीराला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून हंगामाच्या आरंभी कवायत व खेळ बेताने घ्यावेत.
२. पाणी पिण्यासाठी घंटा द्यावी. तहान लागण्याची वाट पाहू नये.
३. सकाळची शाळा सुटते ती उन्हाच्या वेळी. दूरच्या वस्तीवरील मुलांनी पाणी भरून, डोक्याला रुमाल बांधून निघावे.
४. थकवा, मळमळ, पायांत गोळे ही पहिली सूचना होय. अशा मुलास सावलीत बसवून एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ (चहाचा चमचा) घालून केलेले पाणी थोडे थोडे पाजावे.
५. मूल बरळू लागले, बेशुद्ध झाले किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत कपडे सैल करावेत, सर्वांग भिजवून वारा घालावा. मान, काखा व जांघा येथे गार पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

अंगात "उष्णता झाली" असे म्हणून घरोघरी सब्जा, ताक, कोकम देतात. पाणी पोटात जाते, म्हणून ते चांगलेच. परंतु इतरांना गारवा वाटत असतानाही एखाद्यास सतत उकडते, छाती धडधडते, खाऊनही वजन घटते, असे दिसल्यास कारण हवेत नसून गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत असू शकते. अशा वेळी पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी.

स्वाध्याय : आठवडाभर घरातील माठाचे व बाहेरील हवेचे तापमान लिहून तक्ता तयार करा. घरातील सर्वांत वृद्ध माणूस दुपारी कोठे बसतो व त्याच्या हाताशी पाणी आहे काय, हे पाहून या.

हा शेवटचा प्रश्न विज्ञानाचा नाही असे वाटेल. पण पाठ खरोखर समजला की नाही, हे त्याच्याच उत्तरावरून कळेल.