आधी ताईकडे जा

चि. अमोल यास,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र पोहोचले. मेळाव्यात तुझे मन वळले, दारू सुटली, घरात संध्याकाळची प्रार्थना पुन्हा सुरू झाली, हे ऐकून तुझ्या मामीला किती आनंद झाला म्हणून सांगू. मलाही झाला. पण पत्राच्या शेवटी तू सल्ला विचारला आहेस, तेव्हा सल्लाच देतो. वडिलांच्या नावाने मंडळीला संडे स्कूलची खोली बांधून द्यायची, दारावर संगमरवरी पाटी लावायची, असा तुझा बेत आहे. त्याच्या वर एक ओळ तू घाईघाईने लिहून गेला आहेस: ताईच्या बाबतीत चुकलोच, पण प्रभूला सगळे ठाऊक आहे.

प्रभूला ठाऊक आहे, यात शंका नाही. ताईला ठाऊक आहे का?

वडील गेल्यावर तू तिला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलेस आणि सातबाऱ्यावर नोंद करायला सही लागते, एवढेच सांगितलेस. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. तिने भावावर भरवसा ठेवून न वाचता सही केली. नंतर सहा एकरांतले रस्त्याकडचे दोन एकर तू विकलेस, आणि तिला ते दुसऱ्यांकडून कळले. ती काही बोलली नाही, म्हणून तुला वाटले की तिला काही वाटले नाही. अरे, माहेर तुटू नये म्हणून आपल्याकडे किती बहिणी असे गप्प बसतात! त्या गप्प बसण्याला संमती समजू नकोस.

आपल्या ख्रिस्ती घरांत तर याला रूढीचीही सबब नाही. आपला वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो आणि त्यात मुलगा आणि मुलगी यांत भेद नाही. केरळात त्रावणकोरच्या 1916 च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतले जे कमी असेल ते मिळायचे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या तेव्हा कुठे 1986 साली ते बंद झाले. महाराष्ट्रात आपल्या मुलींना कोणाशी भांडावे लागले नव्हते. हक्क पहिल्यापासून होताच. माझी बहीण तुझ्या वडिलांच्या आधी गेली, म्हणजे वाटे दोनच होते. अर्धा तुझा, अर्धा ताईचा. आणि कायद्याच्याही आधीचे पाहायचे तर गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात, आणि त्यांचे म्हणणे बरोबर आहे असा निवाडा खुद्द परमेश्वर देतो. हा उतारा आपल्या व्यासपीठावरून फारसा ऐकू येत नाही. का येत नाही, ते तूच ओळख.

आता जक्कयाची गोष्ट घे. संडे स्कूलमध्ये आपण मुलांना त्याचे उंबराचे झाड शिकवतो आणि तिथेच थांबतो. खरी गंमत पुढे आहे. तो यरीहोचा मुख्य जकातदार, हिशेबात मुरलेला माणूस. तो आपल्या पैशाचे दोन भाग वेगवेगळे सांगतो. अर्धी मालमत्ता गरिबांना, हे झाले दान. ज्यांच्याकडून अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत, हे झाले देणे. दान आणि देणे त्याने एका थैलीत घातले नाही. तू मात्र ताईचे देणे मंडळीच्या दानात वळते करायला निघाला आहेस.

चौपटीकडेही नीट बघ. माणूस आपणहून कबुली द्यायला आला तर लेवीयाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढेच द्यावे लागे. चौपट भरपाई निर्गमात सांगितली आहे ती मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला. जक्कयाने स्वतःला हलकी शिक्षा निवडली नाही. ‘चूक झाली’ हा शब्द त्याने वापरला नाही. तो आपणहून चोराच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

लेवीयाच्या त्याच अध्यायात क्रमही आहे. दोषार्पण करायचे त्याच दिवशी ज्याची वस्तू त्याला परत करायची, आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे यायचे. गणनाच्या पाचव्या अध्यायात आणखी बारकाईने सांगितले आहे: भरपाई घ्यायला तो माणूस नसेल आणि त्याचा जवळचा नातलगही नसेल, तरच ती रक्कम परमेश्वराची म्हणून याजकाकडे जावी. म्हणजे मंदिराचा नंबर शेवटचा. तुझी ताई जिवंत आहे आणि तिचा पत्ता तुला माहीत आहे. प्रभू येशूनेही वेदीशी आलेल्या माणसाला दान तिथेच ठेवून आधी भावाकडे पाठवले. तिथे बहीणही आली, एवढे तरी तू मान्य करशील.

इटलीत पादुआ शहरात एक प्रार्थनामंदिर आहे. ज्योत्तो नावाच्या थोर चित्रकाराने त्याच्या भिंती रंगवल्या, आणि 1305 साली त्याचा समर्पणविधी झाला. ते बांधणारा एन्रिको स्क्रोव्हेन्यी हा एका नामांकित सावकाराचा मुलगा. बाप इतका बदनाम की कवी दान्तेने त्याला आपल्या काव्यात नरकात बसवले. घराण्याच्या सावकारीचे पाप फिटावे म्हणून हे मंदिर उभे राहिले, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. शेवटच्या न्यायाच्या चित्रात एन्रिको गुडघे टेकून त्या मंदिराची लहान प्रतिकृती अर्पण करताना दाखवला आहे. जगभरचे लोक ते पाहायला जातात आणि जावे असेच ते आहे. मी फक्त छापील चित्रे पाहिली. पण दर वेळी मनात येते, व्याजात बुडालेल्या कर्जदारांच्या पदरात यातले काय पडले? तुझ्या संगमरवरी पाटीबद्दल मला तेच वाटते. ती खोली ताईच्या पैशाने उभी राहील आणि दारावर नाव लागेल ते तुझ्या वडिलांचे.

तू म्हणशील, मामा, तारण तर कृपेने मिळते. मग हा हिशेब कशाला? बरोबर आहे. जक्कयाने एक नाणेही परत करण्याआधी येशू त्याच्या घरी उतरायला निघाला होता. वधस्तंभावरच्या चोराला तर काही परत करायला हातही मोकळे नव्हते, तरी त्याला सुखलोकाचे वचन मिळाले. परतफेड ही क्षमेची किंमत नव्हे. पण ज्याचे हात मोकळे आहेत आणि ज्याच्या नावावर अजून चार एकर आहेत, त्याने चोराचे उदाहरण देऊ नये.

वकिलांनी तुला सांगितले असेल की आता मुदत टळली, दावा टिकणार नाही. तसे असेलही. लेवीयात मात्र मुदतीचे कलम नाही.

आता व्यवहाराचे. उरलेल्या चार एकरांतले दोन ताईच्या नावावर कर. बक्षीसपत्र करायचे की दुसरा कागद, ते चांगल्या वकिलाला विचार, पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी तुझ्या खिशातून जाऊ दे. विकलेल्या दोन एकरांच्या पैशातला अर्धा तिचा, आणि एवढी वर्षे तिच्या वाट्याचे पीक तू खाल्लेस, त्याचा अंदाज काढून तेही. वर पाचवा हिस्सा. एकदम जमणार नसेल तर हप्ते बांधून घे, पण लेखी. पौलाने फिलेमोनाला अनेसिमाबद्दल लिहिताना, त्याचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, मी फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. प्रेषिताला लिहून द्यायला कमीपणा वाटला नाही, तर तुला का वाटावा?

हे आधी सूनबाईला सांग. तिच्या पाठीमागे केलेस तर एक अन्याय मिटवताना दुसरा होईल. मुलांच्या शिक्षणाचे गणित बिघडेल, ती रागावेल, तो राग ऐकून घे. मग ताईला एकटीला भेट. दाजींना कधी सांगायचे, सासरी किती सांगायचे, हे तिला ठरवू दे. तुझे मन हलके होताना तिला सासरी टोमणे ऐकावे लागता कामा नयेत. कचेरीत काय झाले ते सरळ सांग. “तेव्हा परिस्थिती तशी होती” हे वाक्य तोंडात आले तर गिळून टाक.

आणि “तुला हवे आहे का?” असे विचारू नकोस. विचारलेस तर ती “नको रे, तूच ठेव” म्हणेल, आणि तू तेवढ्यावर सुटलास असे समजशील. कागद तयार करून तिच्या हाती दे. पुढे ती जमीन कसेल, विकेल किंवा तुझ्याच मुलांना देईल, तो तिचा प्रश्न. त्याच बैठकीत क्षमाही मागून घेण्याची घाई करू नकोस. ती आज क्षमा करील, दोन वर्षांनी करील, कदाचित करणारही नाही. पैसे दिले म्हणजे क्षमा विकत घेतली असे होत नाही.

मंडळीत साक्ष देण्याचेही तूर्त थांबव. कागद नोंदला गेल्यावर द्यावीशी वाटली तर दे, पण ताईचे नाव तिच्या परवानगीशिवाय घेऊ नकोस.

संडे स्कूलच्या खोलीबद्दल पाळकसाहेबांना तूच जाऊन सांग की सध्या जमणार नाही. कारण विचारतील. आधी बहिणीचे देणे आहे म्हण, एवढे पुरे. सातबारा आणि फेरफाराच्या नकला तलाठ्याकडून या आठवड्यातच काढ आणि एक प्रत मला पाठव. हिशेब मीही एकदा पाहतो.

सूनबाईंना आशीर्वाद, मुलांना गोड पापा.

तुझा,
मामा