आधी आटे, मग स्क्रू

जुनी स्ट्रॅटोकास्टर गिटार घेताना माणसं फ्रेट बघतात, नेक वाकलाय का बघतात, रंगावरचे ओरखडेसुद्धा मोजतात. तिन्ही पिकअप ज्या सहा स्क्रूंवर लटकलेले असतात, त्यांच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

माझ्याकडे आलेल्या गिटारचा मधला पिकअप वाजवता वाजवता खाली बसायचा. पहिलं गाणं ठीक व्हायचं. दुसऱ्या गाण्यापर्यंत जाड तारांचा आवाज दबायचा. पिकगार्ड उलटा केला तेव्हा उलगडा झाला. दोन पिकअपच्या स्क्रूंवरच्या स्प्रिंगा गंजून मऊ पडलेल्या, पावसाळे खाल्लेल्या. मधल्याखाली रबरी नळी होती, तिचा हाताला लागताच भुगा झाला. पण खरी मेख स्क्रूत होती. आधी कुणीतरी चुकीच्या आट्यांचे स्क्रू जोर लावून बसवले होते, आणि पिकअपच्या खालच्या पट्टीला भोकापासून चीर गेली होती.

स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडरच्या अमेरिकी गिटारला ६-३२ मापाचा स्क्रू लागतो. त्याची जाडी साधारण साडेतीन मिलिमीटर असते आणि इंचाला आटे ३२. मीटर मापाचा साडेतीनचा स्क्रू जाडीला तेवढाच, पण त्याचे आटे बारीक, इंचाला बेचाळीसच्या आसपास. एक-दोन फेरे तो निमूट आत जातो आणि तिथेच माणूस फसतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मीटर मापाचे स्क्रू पाहिजे तितके मिळतात, त्यामुळे हा घोळ वरचेवर दिसतो. उलटही होतं: आशियात बनलेल्या बऱ्याच गिटारांना मीटर मापच लागतं, आणि त्यांत लोक 'ओरिजिनल' म्हणून अमेरिकी स्क्रू ठोकतात. हंबकरचं, म्हणजे दोन कॉइलच्या पिकअपचं, माप आणखी वेगळं. गिब्सन पद्धतीच्या हंबकरला ३-४८ चा स्क्रू, जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा.

म्हणून जुना स्क्रू दुकानात नेऊन 'असाच द्या' म्हणू नका. तो जुनाच चुकीचा असू शकतो. नवा स्क्रू भोकात नुसत्या बोटांनी फिरवून बघा. शेवटपर्यंत अडखळल्याशिवाय गेला तर तो तुमचा. बोटांना जड गेला की थांबायचं, स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचाच नाही.

इतकी काळजी का, ते सांगतो. स्ट्रॅटोकास्टरच्या जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तार थेट लोहचुंबकांच्या दांड्यांवर गुंडाळलेली असते, ०.०६ मिलिमीटरची, हजारो वेढ्यांची. वरखालच्या फायबर पट्ट्या त्या दांड्यांनीच धरलेल्या असतात. पट्टी वाकली किंवा दांडी सरकली की कुठेतरी एक वेढा तुटतो आणि पिकअप मुका होतो. स्क्रूचे पैसे किरकोळ, रिवाइंडिंगचे नाहीत.

काम सुरू करण्याआधी गिटारच्या जॅकला केबल लावून दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर जोडा, आवाजाची कळ पूर्ण उघडा आणि एकेका पिकअपचा रोध लिहून ठेवा. सिंगल कॉइलला बहुधा ५ ते ७ किलोओहम येतात. काम झाल्यावर तेच आकडे यायला हवेत. तारा उतरवा, पिकगार्ड मऊ कापडावर पालथा घाला, एका वेळी एकच पिकअप सोडा. कॉइलवर जाड पुठ्ठ्याचा तुकडा धरा, कारण चुंबक स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्वतःकडे ओढतो आणि ते नेमकं तारेवर आपटतं.

स्प्रिंग की रबर, यावर गिटारवाले तासभर भांडतील. माझं मत रबराच्या बाजूने. औषधाच्या दुकानातली लॅटेक्सची नळी दहा-बारा मिलिमीटर कापून घातली की पिकअप डुलत नाही, आणि जोरदार डिस्टॉर्शनवर स्प्रिंगची किणकिण येत नाही. दर काही वर्षांनी ती बदलावी लागते, एवढंच.

भोकाचे आटेच गेले असतील तर पट्टीच्या खाली योग्य मापाचा छोटा पितळी नट इपॉक्सीने चिकटवता येतो. मी तेच केलं. इपॉक्सी आट्यांत जाऊ देऊ नका आणि नट जोडणीच्या तारांना टेकू देऊ नका.

उंची सगळ्यात शेवटी. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरा. जुन्या धाटणीच्या पिकअपला जाड तारेखाली २.४ आणि बारीक तारेखाली २ मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करा. वरच्या फ्रेटवर जाड तारेतून एकाच वेळी दोन सूर कंप पावल्यासारखे वाटले तर ट्यूनरशी झगडू नका, चुंबक तारेला ओढतोय. स्क्रू अर्धा फेरा सैल करा आणि पुन्हा वाजवून बघा.