थंड मुलखातली गाडी : अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

अमेरिकेच्या ईशान्य आणि मिडवेस्ट भागांत गाडी सुरू न होण्याचे सगळ्यात नेहमीचे कारण म्हणजे बॅटरी. ती दगा देते तो दिवसही बहुधा ठरलेला असतो : थंडीच्या पहिल्या मोठ्या लाटेची सकाळ. पारा ३२ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे पाणी गोठण्याच्या बिंदूवर आला की बॅटरीची ताकद सुमारे एक तृतीयांशाने घटते. शून्य फॅरनहाइटला ती निम्म्याहून कमी उरते. त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झालेले असते, त्यामुळे स्टार्टरला जोर मात्र जास्त लागतो. बॅटरीची खरी झीज उन्हाळ्यातल्या उष्णतेने होते. हिवाळा ती फक्त उघडकीला आणतो.

बॅटरीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षांचे असते. म्हणून न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइट परिसरात वर्षानुवर्षे राहिलेली मराठी कुटुंबे ऑक्टोबरातच ती तपासून घेतात. सुट्या भागांच्या मोठ्या दुकानांत ही तपासणी बहुधा फुकट होते आणि नवी बॅटरी तिथेच घेतली तर अनेकदा ती बसवूनही देतात. बिलात जुन्या बॅटरीपोटी काही डॉलर अनामत लावलेली असते. जुनी परत दिली की ती रक्कम मिळते, तेव्हा जुनी बॅटरी घरी ठेवून घेऊ नये. किल्ली फिरवल्यावर इंजिन रेंगाळत फिरणे, नुसता टकटक आवाज येणे, दिवे मंद होणे ही आधीची लक्षणे होत. ती नोव्हेंबरात दिसली आणि दुर्लक्षित राहिली, तर जानेवारीत टो ट्रक बोलवावा लागतो.

दुसऱ्या गाडीवरून चालू करण्याची वेळ आली तर केबल जोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. लाल केबल आधी बंद गाडीच्या धन टोकाला, मग चालू गाडीच्या धन टोकाला लावावी. काळी केबल चालू गाडीच्या ऋण टोकाला लावून तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, म्हणून ही काळजी. केबल काढताना क्रम उलटा. बॅटरी फुगलेली किंवा गोठलेली दिसली तर हा प्रयत्न अजिबात करू नये.

दुसरा धोका पाण्याचा आहे आणि तो मराठी घरांतल्या जुन्या सवयीतून येतो. महाराष्ट्रात घाट चढताना गाडी तापली की रेडिएटरमध्ये पाणी ओतणे अनेकांनी पाहिलेले असते. थंड मुलखात ही सवय सोडावीच लागते. शीतकात पाण्याचे प्रमाण वाढले की ते रात्रीत गोठते, फुगते आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. तेवढ्या एका तडकण्याने जुनी गाडी भंगारात निघते. अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मे-निम्मे असले की मिश्रण उणे ३४ फॅरनहाइटपर्यंत टिकते. तयार मिश्रण विकत मिळते, तेच घ्यावे. काच धुण्याच्या टाकीचेही तसेच. तिच्यात नळाचे पाणी असेल तर ते गोठून नळी किंवा पंप फुटतो. शिवाय मीठ टाकलेल्या महामार्गावर पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल काचेवर बसला की पुढचे काही दिसत नाही. निळ्या रंगाचे, उणे २० अंशांपर्यंत न गोठणारे द्रव हिवाळाभर वापरावे आणि एक भरलेला कॅन गाडीत ठेवावा.

थंडीची पहिली लाट आली की डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा लागतो आणि नवखा माणूस पंक्चर शोधत बसतो. बहुतेक वेळा पंक्चर नसते. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरले की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय कमी होतो. २००८ सालच्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ही सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. दाब किती हवा ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेले असते. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, त्याप्रमाणे हवा भरू नये. मोजणी गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना करावी.

सगळ्या ऋतूंसाठी म्हणून विकलेले टायर न्यू जर्सीत बहुधा भागवतात. मिनेसोटात किंवा बफेलोच्या बाजूला मात्र हिवाळी टायर हा खर्च नसून गरज आहे. साधारण ४५ अंश फॅरनहाइटखाली नेहमीचे रबर कडक होते आणि पकड सुटते. हिवाळी टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असते. असे टायर चारही चाकांना एकदम लावावेत. दोनच लावले तर गाडी वळणावर गरकन फिरण्याचा धोका असतो.

पंक्चरसाठी रस्त्याकडेला दुकान असेल ही अपेक्षा ठेवू नये. आजच्या अनेक गाड्यांत सुटे चाकही नसते, फक्त हवेचा छोटा पंप आणि भोक बुजवणारे द्रव असते. गाडी घेतानाच डिकीची फळी उचलून हे पाहून घ्यावे. बारीक, तात्पुरते चाक असेल तर त्यावर ताशी ५० मैलांच्या वर जाऊ नये. टायरच्या दुकानात खिळा मधल्या भागात असेल तरच दुरुस्ती होते. बाजूच्या भिंतीत छिद्र असेल तर टायर बदलावाच लागतो, त्यात दुकानदाराची लबाडी नसते.

इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा स्थिर लागला तर घाबरण्याचे कारण नाही. कधी कधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण सैल राहिल्यानेही तो लागतो. झाकण नीट आवळावे आणि दिवा तरीही काही दिवस राहिला तर कोड वाचून घ्यावा. १९९६ पासूनच्या सर्व मोटारींना स्टिअरिंगखाली एकाच प्रकारचे सॉकेट असते आणि सुट्या भागांची अनेक दुकाने तो कोड फुकट वाचून देतात. कोड म्हणजे निदान नव्हे. पी०४२० आला म्हणून लगेच हजारभर डॉलरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलू नये, बिघाड सेन्सरमध्ये किंवा एक्झॉस्टच्या गळतीतही असू शकतो. हाच दिवा लुकलुकत असेल तर मात्र इंजिनात मिसफायर होत आहे. वेग कमी करून जवळचे गॅरेज गाठावे. तेलाच्या दाबाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर घर दोन मैलांवर असले तरी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. तेवढ्या दोन मैलांनी इंजिन कायमचे जाऊ शकते.

बर्फावर ब्रेक दाबल्यावर पायाखाली खडखडाट होऊन पेडल थरथरते. तो बिघाड नाही, एबीएस काम करत असल्याची खूण आहे. पाय न उचलता पेडल दाबूनच ठेवावे. रस्त्यावरचे मीठ गाडीच्या तळाला गंज आणते, म्हणून हिवाळ्यात अधूनमधून तळ धुणाऱ्या केंद्रात गाडी नेणे पैसे वाचवणारे आहे. बर्फात गाडी अडकली तर इंजिन चालू ठेवण्यापूर्वी सायलेन्सरची नळी मोकळी करावी आणि बंद गॅरेजात इंजिन कधीही चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मुलांना गाडीत बसवून बर्फ काढायला जाणाऱ्या पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

दुरुस्तीत सुट्या भागांपेक्षा मजुरी जड पडते. तासाचा दर बहुधा १०० डॉलरच्या पुढे असतो आणि बिघाड शोधण्याचे शुल्क वेगळे. त्यामुळे काम सुरू होण्यापूर्वी लेखी अंदाज मागावा आणि त्याहून जास्त खर्च विचारल्याशिवाय करू नये असे स्पष्ट सांगावे. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत हा ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे. वॉरंटी टिकवायची तर डीलरकडेच सर्व्हिसिंग करावे लागते, हा समज चुकीचा आहे. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने ती अट घालता येत नाही. पावत्या मात्र जपून ठेवाव्यात. तेल किती मैलांनी बदलायचे ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. दर ३,००० मैलांचा जुना नियम सिंथेटिक तेलाच्या गाड्यांना लागू होत नाही.

जुनी गाडी डीलरकडून घेताना काचेवर लावलेला सक्तीचा तक्ता वाचावा. 'अ‍ॅज इज' लिहिले असेल तर विक्रीनंतरची दुरुस्ती सहसा घेणाऱ्याच्या खिशातून होते. पैसे देण्यापूर्वी गाडी स्वतंत्र मेकॅनिककडून तपासून घ्यावी. विक्रेता त्याला नकार देत असेल तर ती गाडी सोडून द्यावी. सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन क्रमांक एनएचटीएसए या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की प्रलंबित रिकॉल कळतात. त्यांची दुरुस्ती डीलर फुकट करतो.

तपासणीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. न्यूयॉर्क आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ती दरवर्षी होते, टेक्सासने खासगी गाड्यांची सुरक्षा तपासणी २०२५ पासून बंद केली. जिथे प्रदूषण तपासणी आहे तिथे आदल्या दिवशी बॅटरी बदलली किंवा कोड पुसला तर गाडीचा संगणक तयार नसतो आणि ती परत पाठवली जाते. अशा कामानंतर काही दिवस शहरात आणि महामार्गावर नेहमीसारखी गाडी चालवून मगच तपासणीला न्यावी.