आप्पांचा ट्रॅक्टर उभा करताना

पालघर,
12 एप्रिल

चि. निखिल,

तू पाठवलेले ट्रॅक्टरचे फोटो पाहिले. भंगारवाल्याने भाव सांगितला आणि तू लगेच होकार दिला नाहीस, हे फार चांगलं केलंस. चारी बाजूंनी गवत वाढलेलं, सीट फाटलेली, पुढचा टायर बसलेला, त्यामुळे ट्रॅक्टर फोटोत केविलवाणा दिसतो खरा. पण आप्पा गेल्यावर तो शेडबाहेर खाऱ्या वाऱ्यात उभा राहिला म्हणून ही दशा झाली. आतलं यंत्र अजून कुणी उघडून पाहिलेलंच नाही.

विकू की दुरुस्त करून उभा करू, असं तू विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे, उभा कर. आप्पांची आठवण हे एक कारण झालंच, पण त्याहून मोठं कारण तुमची चिंचणीची वाडी. घोलवडला 1898 मध्ये चिकू पहिल्यांदा लावला गेला. तिथून तो आपल्या सगळ्या किनारपट्टीवर पसरला. या जुन्या झाडांच्या फांद्या जमिनीला टेकायला येतात. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आत घातला की फळं धरलेल्या फांद्या मोडतात, आणि त्याच्या वजनाने बुंध्याभोवतीची माती दाबली जाते. आप्पांनी बंगळुरूच्या व्हीएसटीचा मित्सुबिशी शक्ती घेतला तो उगाच नाही. साडेअठरा अश्वशक्ती, तीन सिलिंडर, अंगाने लहान. दोन ओळींमधून तो सहज फिरतो. 2016 मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालं, पण वाडीत गवत काढायला माणूस मिळेना. मिळणार कसा? गावातली तरुण पोरं तुझ्यासारखीच सकाळच्या बसने बोईसरच्या कारखान्यात जातात.

अमेरिकेत बंगल्याच्या हिरवळीसाठी आणि परसबागेसाठी असे छोटे ट्रॅक्टर निघाले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट 1961 चा, जॉन डियरचा 110 हा 1963 चा. ते आजही उघडून, दुरुस्त करून लोक हौसेने चालवतात. आपल्याकडे हिरवळ नाही, वाडी आहे. म्हणून तुझी कसोटी एकच ठेव: ट्रॅक्टरने पावसाळ्यानंतरचं गवत कापलं पाहिजे आणि शेणखताची ट्रॉली ओढली पाहिजे. लाल रंगाचा डबा आणलास असं ताई म्हणाली. तो डबा माळ्यावर ठेव. रंगाचं काम सगळ्यात शेवटी. आधी रंग दिलास तर कुठून तेल झिरपतंय, कुठे तडा गेलाय, हे सगळं झाकलं जाईल.

सेल्फ मारण्याची घाई करू नकोस. आधी गिअरबॉक्सच्या खालचा ड्रेन प्लग अगदी थोडा ढिला कर आणि स्वच्छ डब्यात काय पडतं ते बघ. बरेच दिवस उभ्या असलेल्या यंत्रात पाणी खाली बसतं, म्हणून पहिल्यांदा निव्वळ पाणी येऊ शकतं. मागून येणारं तेल काळसर पण पारदर्शक असेल तर काळजी नाही. ते दुधाळ असेल तर पाणी तेलात घुसळलं गेलंय असं समज. आप्पा भाताच्या खाचरात चिखलणीलाही हाच ट्रॅक्टर घालायचे. चिखलात धुऱ्याचे ऑइल सील झिजतात आणि पाणी आत शिरतं. गिअर लिव्हरचं रबर फाटलं असेल तर पावसाचं पाणी वरूनही जातं. नुसतं तेल बदलून भागणार नाही. पाणी शिरलं कुठून ते सापडलं पाहिजे, नाहीतर पुढच्या श्रावणात नवं तेलही तसंच होईल. इंजिनचं तेलही तपास. ते दुधाळ निघालं तर हेड गॅस्केटकडे संशय जातो, मग इंजिन सुरू न करता मला कळव.

त्यानंतर तिन्ही नोझल काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोड, रात्रभर तसंच राहू दे. सकाळी पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने फिरव. सावकाश, पूर्ण दोन फेरे. अडलं तर जोर लावू नकोस. फिरलं तर अर्धी लढाई जिंकलास. काढलेली नोझल बोईसरला पंप-नोझलवाल्याकडे तपासायला दे. फवारा धुक्यासारखा बारीक यायला हवा, धार किंवा थेंब नको. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढ, टाकी आतून पूस, फिल्टर नवा घाल. मग एअर काढ: आधी फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून बुडबुडे थांबेपर्यंत, नंतर पंपाचा, शेवटी नोझलच्या पाइपांचे नट. हाच क्रम ठेव. नोझलच्या फवाऱ्यापुढे हात कधी आणू नकोस. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत घुसतं, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

गावात कुणीतरी पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरपाशी धरून इंजिन चालू करायला सांगेल. ते ऐकू नकोस. डिझेल इंजिनात पेट्रोलची वाफ अवेळी पेटते आणि पिस्टन, रिंगा यांना दणका बसतो. नोझल, कॉम्प्रेशन आणि बॅटरी ठीक असतील तर इंजिन स्वतःच्या बळावर सुरू होतं.

क्लच चिकटलेला असण्याची शक्यता मोठी आहे. आपल्या दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला गंजाने धरते. पेडल दाबलं तरी गिअर पडत नाही. काहीजण ट्रॅक्टर चालू करून झाडाला धडकवतात, म्हणजे क्लच सुटतो. तसं अजिबात करायचं नाही. ते काम आपण दोघं मिळून, ट्रॅक्टर मधोमध सुटा करून करू. पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बुश झिजले असतील तर बोईसरला कुठल्याही चांगल्या लेथवर गनमेटलचे करून मिळतील. तू रोज मशिनशॉपमध्ये असतोस, मोजमाप तुला मी शिकवायला नको. या मॉडेलचे सुटे भाग अजून बाजारात मिळतात. तरी काढलेला प्रत्येक भाग नव्या भागाशेजारी ठेवून ताड, मगच बसव.

आता ब्रेक. इंजिन बोलू लागलं की माणसाला ट्रॅक्टर बाहेर काढायचा मोह होतो. डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक सारखे लागेपर्यंत तो गेटबाहेर नेऊ नकोस. आप्पांच्या ट्रॅक्टरला एमएच-04 चा नंबर आहे, म्हणजे ठाण्याची नोंदणी, पालघर जिल्हा 2014 मध्ये व्हायच्या आधीची. पंधरा वर्षं उलटली असतील तर नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागेल. कागद आप्पांच्याच नावावर असतील तर आधी वारसाचं काम कर. ताईच्या कपाटातली जुनी फाइल शोध.

वापराबद्दल दोन गोष्टी मी अगदी कळकळीने सांगतो. रोटाव्हेटर चिकूखाली दोन-तीन इंचांपेक्षा खोल लावू नकोस. चिकूची बरीचशी मुळं वरच्याच थरात असतात, खोल गेलास तर झाडाचं तोंडच कापल्यासारखं होईल. आणि तौक्ते वादळात 2021 मध्ये पडलेल्या झाडांचे बुंधे अजून वाडीत आहेत, ते ओढायचा विचार तुझ्या मनात येणारच. साखळी कायम खालच्या ड्रॉबारला बांध. ती धुऱ्याच्या वर, सीटमागे किंवा वरच्या लिंकला अडकवली आणि बुंधा हलला नाही, तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. हे दोन सेकंदांत होतं, क्लच दाबायला वेळ मिळत नाही. या ट्रॅक्टरला डोक्यावर संरक्षक दांडी नाही. मागच्या अवजाराला फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टचं कव्हर हरवलेलं दिसतं, ते आधी मिळव. कव्हर नसताना जवळ मफलर, टॉवेल, सैल शर्ट काही नको. मडगार्डवर बसून फिरायचा हट्ट तुझी लहान बहीण धरेल, तिला एकदाही बसवू नकोस.

काढलेलं जळकं तेल कॅनमध्ये भरून बोईसरला तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे दे, जमिनीवर ओतू नकोस. आपल्या औद्योगिक पट्ट्यातले नाले तू रोज बघतोस. तुमच्या विहिरीच्या पाण्यावर अख्खी वाडी उभी आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरेल. त्याआधी निदान शेडचे पत्रे नीट करून ट्रॅक्टर आत ओढून घे. येत्या रविवारी मी सकाळच्या गाडीने बोईसरला उतरतो, तू स्टेशनवर ये. जॅक, दोन मजबूत लाकडी ठोकळे आणि आप्पांचं पार्ट बुक काढून ठेव. क्लच उघडायला घेऊ. तोपर्यंत गिअरबॉक्समधून काय निघालं ते फोनवर सांग.

तुझा,
मामा