आपल्यामागे कोण?



स्वमग्नता हा आजार नव्हे. मेंदूची जडणघडणच वेगळी असते व ती मोठेपणीही तशीच राहते. अशा प्रौढाने मिस्सेत शांतीचे अभिवादन करताना नजर टाळली, तर आपण त्याला उद्धट समजू नये. लांबूनच हात जोडावेत. ध्वनिवर्धकाचा आवाजही त्याला असह्य होऊ शकतो.

आईवडिलांची धास्ती एकच: आमच्यामागे याचे कोण? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार, गरज असल्यास, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमू शकते. परंतु कायदा सोबती देत नाही. संत पौलाने ख्रिस्तसभेला एक शरीर म्हटले आहे (१ करिंथ १२). म्हणून आईवडील असतानाच आपण त्या घरी जाऊ या, ओळख वाढवू या.